दोन धन्यांचा एक शासनप्रमुख : एमिल पेल्तिए आणि १९६२ चे मोनॅको संकट

जानेवारी १९६२ च्या उत्तरार्धात, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मोनॅको या चिमुकल्या संस्थानाचे प्रिन्स रेनिए तिसरे यांनी आपल्या शासनप्रमुखाला एका वादळी भेटीनंतर तडकाफडकी पदावरून दूर केले. राजाने मंत्र्याला काढावे यात एरवी नवल नाही. परंतु हा मंत्री फ्रेंच होता, फ्रान्स सरकारने सुचवल्यावरून तो मोनॅकोत आला होता आणि जेमतेम तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो जनरल द गॉल यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होता. या बडतर्फीनंतर नऊ महिन्यांच्या आत फ्रेंच जकात अधिकारी मोनॅकोच्या वेशीवर गाड्या अडवू लागले, आणि दीड वर्षाच्या आत संस्थानाला आपल्या करपद्धतीला कायमची मुरड घालावी लागली.

या मंत्र्याचे नाव एमिल पेल्तिए. त्यांच्या बडतर्फीची हकिगत बहुधा द गॉल यांचा ताठा आणि रेनिए यांचा तापट स्वभाव यांच्या टकरीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्यात राणी ग्रेस, म्हणजे पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री ग्रेस केली, यांचे नाव आले की ती गोष्ट आणखी रंगते. स्वभावांचा भाग होता हे नाकारता येत नाही. मात्र प्रस्तुत प्रकरणातील खरी अडचण ज्या पदावर पेल्तिए बसले होते त्या पदाच्या घडणीत होती, आणि पेल्तिए यांच्या आधीच्या कारकिर्दीने त्यांना त्या अडचणीतून वाट काढण्यापेक्षा तिच्यावर बोट ठेवण्याचीच सवय लावली होती, असे माझे मत आहे.

पदाची घडण

१९१० मध्ये मोनॅकोच्या मूळ रहिवाशांनी प्रिन्सच्या अनियंत्रित कारभाराविरुद्ध उठाव केला. त्यानंतर ५ जानेवारी १९११ रोजी संस्थानाला पहिली राज्यघटना मिळाली आणि तिच्यासोबत ‘मिनिस्त्र देता’ हे पद आले. या पदाला येथे शासनप्रमुख म्हटले आहे. प्रिन्सच्या वतीने कारभार चालवणे, मोजक्या सल्लागारांच्या शासन परिषदेचे अध्यक्षस्थान सांभाळणे, पोलिसांवर देखरेख ठेवणे ही त्याची कामे. तो निवडून आलेल्या राष्ट्रीय परिषदेला जबाबदार नसतो. त्याची जबाबदारी प्रिन्सपुरती.

इथवर सर्व सरळ आहे. गुंता सुरू होतो तो १७ जुलै १९१८ च्या तहापासून. त्या वेळी गादीचे वारस लुई यांना औरस अपत्य नव्हते, आणि गादी त्यांच्या जर्मन नातेवाइकांकडे जाईल अशी धास्ती, महायुद्ध चालू असताना, पॅरिसला वाटणे साहजिक होते. या तहाने फ्रान्सने मोनॅकोच्या स्वातंत्र्याचे व प्रदेशाचे रक्षण करण्याची हमी दिली. बदल्यात मोनॅकोने आपले सार्वभौमत्व फ्रान्सच्या राजकीय, लष्करी, नाविक आणि आर्थिक हितांशी पूर्णपणे सुसंगत राहून वापरण्याचे मान्य केले. पुढे १९३० च्या करारान्वये संस्थानातील काही वरिष्ठ पदे फ्रेंच नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आली. शासनप्रमुखाचे पद त्यांत अग्रभागी होते.

म्हणजे नेमणूक प्रिन्सची, पगार संस्थानाचा, आणि माणूस मात्र फ्रान्सने पुढे केलेला. आपल्याकडील संस्थानांचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की दिवाण आणि रेसिडेंट ही दोन वेगळी माणसे येथे बरीचशी एकाच खुर्चीत बसवली गेली होती. अशा खुर्चीवरचा माणूस रोजच्या कारभारात प्रिन्सचा सेवक असतो, पण प्रिन्सचे आणि फ्रान्सचे हित जिथे वेगळे होते त्या क्षणी त्याने कोणाचा शब्द मानायचा याचे उत्तर करारात सापडत नाही. १९१८ च्या तहाने अशी वेळ येणारच नाही असे गृहीत धरले होते, कारण मोनॅकोचे हित फ्रान्सच्या हिताशी सुसंगत ठेवण्याची जबाबदारीच मोनॅकोवर टाकली होती.

प्रिफेक्ट ते गृहमंत्री

पेल्तिए यांचा जन्म १८९८ चा. त्यांची उमेदीची वर्षे प्रिफेक्ट म्हणून गेली. फ्रान्समध्ये प्रिफेक्ट म्हणजे जिल्ह्यात केंद्र सरकारचा प्रत्यक्ष हात: तो निवडून येत नाही, पॅरिसहून येतो, पॅरिसला उत्तर देतो आणि पॅरिसने सांगितल्यावर दुसरीकडे जातो. तुलूझ हे मुख्य ठिकाण असलेल्या ओत-गारॉन जिल्ह्याचे प्रिफेक्टपद सांभाळल्यानंतर १९५५ मध्ये ते सेन जिल्ह्याचे, म्हणजे पॅरिस आणि त्याच्या लगतच्या उपनगरांचे, प्रिफेक्ट झाले. त्या सेवेतील हे मानाचे शिखर होते.

जून १९५८ मध्ये, त्या वेळी फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातील लष्करी उठावाच्या दडपणाखाली फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक कोसळले आणि द गॉल पुन्हा सत्तेवर आले. त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते पेल्तिए यांच्याकडे गेले. पक्षीय राजकारणात न वाढलेल्या प्रशासकाला हे खाते देण्यामागचा हेतू उघड आहे. पुढच्या सात महिन्यांत या खात्याला राजकीय भाषणे करायची नव्हती. एक नवे प्रजासत्ताक प्रत्यक्षात उभे करायचे होते. २८ सप्टेंबर १९५८ चे सार्वमत, ज्यात युरोपीय फ्रान्समधील सुमारे ७९ टक्के मतदारांनी नव्या राज्यघटनेला कौल दिला. नोव्हेंबरच्या दोन फेऱ्यांतील संसदीय निवडणुका. आणि २१ डिसेंबरची, त्या वेळी निर्वाचक मंडळामार्फत झालेली, अध्यक्षीय निवडणूक, हे सर्व पेल्तिए यांच्या खात्याने पार पाडले. त्यातच ऑगस्टच्या अखेरीस अल्जीरियाच्या मुक्ती आघाडीने मुख्य भूमीवर हल्ल्यांची मालिका सुरू केली आणि मार्सेयजवळची तेलाची कोठारे पेटली. जानेवारी १९५९ मध्ये मिशेल देब्रे पंतप्रधान झाले तेव्हा पेल्तिए मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि काही आठवड्यांतच त्यांची मोनॅकोत नेमणूक झाली.

साठी ओलांडलेल्या प्रशासकासाठी समुद्रकाठचे सन्मानाचे आणि शांत पद, असाच या नेमणुकीचा अर्थ बाहेरून लावला जाणे शक्य होते. प्रत्यक्षात शांतता तिथे नव्हती. जानेवारी १९५९ च्या अखेरीस, म्हणजे पेल्तिए येण्याच्या थोडे आधी, रेनिए यांनी अर्थसंकल्पावरून अडून बसलेली राष्ट्रीय परिषद बरखास्त केली होती आणि घटनाच स्थगित केली होती. या गोष्टीकडे सहसा फारसे लक्ष दिले जात नाही. मला ती कळीची वाटते. निवडून आलेली परिषद असती तर प्रिन्स आणि शासनप्रमुख यांच्या मतभेदाला तिसरे स्थान मिळाले असते. वाद तिथे गेला असता, लांबला असता, कुणीतरी मध्यस्थी केली असती. परिषद नसल्यामुळे तीन वर्षे संपूर्ण राज्यकारभार दोन माणसांच्या संबंधावर उभा राहिला.

वरवर पाहता संबंध बिघडलेले नव्हते. रेनिए स्वतः १९४४ मध्ये फ्रेंच सैन्यात दाखल होऊन लढले होते, त्यांचे वडील फ्रेंच सरदार घराण्यातले होते. ऑक्टोबर १९६० मध्ये द गॉल यांनी मोनॅकोला राजकीय भेट दिली तेव्हा स्वागत थाटाचे झाले. पंधरा महिन्यांनी काय होणार याची चाहूल त्या भेटीत कोणाला लागली असेल असे वाटत नाही.

ठिणगी नभोवाणीची, सरपण करांचे

फ्रान्समध्ये प्रसारणावर सरकारी मक्तेदारी होती. तिला बगल देणारी केंद्रे सीमेपलीकडे उभी होती: लक्झेंबर्गमध्ये, जर्मनीच्या सार प्रांतातून प्रक्षेपण करणारे युरोप-१, आणि मोनॅकोत. युरोप-१ ची मालक कंपनी ‘इमाज ए सों’ ही मोनॅकोत नोंदलेली होती आणि १९५४ मध्ये सुरू झालेली तेले मॉन्ते-कार्लो ही दूरचित्रवाणीही तिच्याच गोतावळ्यात होती. सोफिराद या सरकारी कंपनीमार्फत फ्रान्स यांतील काही केंद्रांमध्ये भागभांडवल राखून होता आणि वाढवू पाहत होता. रेनिए यांना मात्र आपल्या भूमीवर नोंदलेल्या कंपनीचा ताबा पॅरिसकडे सरकू द्यायचा नव्हता. तेव्हा त्यांनी या समभागांच्या व्यवहारांवर निर्बंध घालणारा आदेश काढण्याचे ठरवले.

ही बाब क्षुल्लक वाटत असेल तर काळ लक्षात घ्यावा. एप्रिल १९६१ मध्ये अल्जीरियात सेनापतींनी बंड केले तेव्हा द गॉल यांचे भाषण साध्या सैनिकांनी ट्रान्झिस्टरवर ऐकले आणि बंडाचा जोर ओसरण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९६२ च्या जानेवारीत अल्जीरियाच्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या ओएएस या गुप्त संघटनेचे बॉम्बस्फोट पॅरिसमध्ये चालू होते आणि अल्जीरियाशी वाटाघाटी शेवटच्या टप्प्यावर होत्या. अशा वेळी नभोवाणी केंद्राचे समभाग कोणाच्या हाती आहेत हा प्रश्न पॅरिसच्या लेखी केवळ व्यापाराचा असणे अशक्य होते.

पेल्तिए यांनी आदेशाला विरोध केला. त्यांच्यापुढचा पेच खरा होता: त्यांच्याच शासनाने अमलात आणायचा आदेश त्यांच्याच देशाच्या हिताविरुद्ध जात होता. मुरब्बी मुत्सद्द्याने अशा वेळी आजारपण, रजा, कायदेशीर अभिप्रायाची प्रतीक्षा असे काहीतरी पुढे करून आदेश आठवडाभर लांबवला असता. पेल्तिए यांच्यासारख्या, आयुष्यभर ‘राज्य म्हणते ते होते’ या शिस्तीत वावरलेल्या प्रिफेक्टला तो मार्ग सुचला नाही किंवा पटला नाही. त्यांनी प्रिन्सला समोरासमोर सांगितले की हे करता येणार नाही. भेट चिघळली, प्रिन्सने त्यांना पदमुक्त केले, आणि पेल्तिए यांनी पॅरिसला पोहोचवलेल्या वृत्तांतातून तिथे असा समज झाला की त्या भेटीत फ्रान्सबद्दल अपमानकारक भाषा वापरली गेली.

रेनिए यांनी लवकरच नरमाईचा सूर लावला. पण द गॉल यांच्या सरकारला आता माफी पुरेशी नव्हती, आणि या प्रकरणाचे खरे वळण येथेच आहे. फ्रान्सने वादाचा विषयच बदलला. नभोवाणीचे समभाग आणि पेल्तिए यांचा मान बाजूला राहिला. पुढे आले ते कर.

मोनॅकोने १८६९ मध्ये आपल्या रहिवाशांवरील प्रत्यक्ष कर रद्द केले होते. कॅसिनो जोरात चालत होता तोवर आणि येणारे मूठभर धनिक होते तोवर फ्रान्सने त्याकडे कानाडोळा केला. पन्नाशीच्या दशकात रेनिए यांनी जुगारावरचे अवलंबन कमी करून उद्योग व कंपन्या आणण्याचा सपाटा लावला. फ्रेंच कंपन्या मुख्यालय मोनॅकोत दाखवू लागल्या, फ्रेंच नागरिक तिथे घरे घेऊ लागले. दीड चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशातील वीस-बावीस हजार वस्तीत मूळ मोनॅकोवासी जेमतेम तीन हजारांच्या आसपास होते आणि निम्म्याहून अधिक लोक फ्रेंच होते. फ्रेंच अर्थखात्याच्या मनातली ही सल जुनी होती. पेल्तिए यांच्या बडतर्फीने तिला बोलण्याची संधी दिली. म्हणूनच, पेल्तिए यांना काढले नसते तर संकट आले नसते असे म्हणणे मला उतावीळपणाचे वाटते. ते आणखी दोन-चार वर्षांनी, वेगळ्या निमित्ताने आले असते. पण जानेवारीत रेनिए यांनी पॅरिसला जे निमित्त दिले ते मात्र फ्रान्सला हवे त्याहून चांगले होते, कारण आता कराच्या मागणीला राष्ट्रीय अपमानाची धार होती.

सहा महिन्यांची नोटीस

वसंतात पॅरिसमध्ये बोलणी झाली आणि फिसकटली. ११ एप्रिल १९६२ रोजी फ्रान्सने १९५१ च्या शेजारधर्माच्या करारातून बाहेर पडत असल्याची नोटीस दिली. मुदत सहा महिन्यांची होती. हा करार म्हणजे रोजच्या व्यवहाराचा पाया: मोनॅको तीन बाजूंनी फ्रान्सने वेढलेला, त्याचे पाणी, वीज, रेल्वे, टपाल सर्व फ्रान्समधून जाणारे. फ्रान्सने येथे सैन्य वापरले नाही. एक कागद मागे घेतला आणि कॅलेंडरवर सहा महिने मोजले.

रेनिए यांनी त्या वर्षात आपला घरचा पाया भक्कम करून घेतला. बरखास्त राष्ट्रीय परिषद परत बोलावली. याच काळात ग्रेस यांनी चित्रपटात परतण्याची घोषणा मार्चमध्ये केली होती, ती जनमताच्या नाराजीमुळे उन्हाळ्यात मागे घ्यावी लागली. बाहेरच्या वृत्तपत्रांनी त्यावर रकाने भरले, पण वाटाघाटींच्या टेबलावर तिचे वजन फारसे नव्हते.

१२ ऑक्टोबरच्या मध्यरात्री फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी मोनॅकोकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तपासणी सुरू केली. एरवी जिथे सीमा कुठे आहे हे वाहनचालकाला कळतही नाही, तिथे गाड्यांच्या रांगा लागल्या. याला नाकेबंदी म्हणणे अतिशयोक्तीचे आहे: अन्नपाणी तोडले गेले नाही, लोकांची ये-जा थांबली नाही आणि तपासणीही थोड्याच काळात सैल झाली. पण अशी तपासणी कायम राहिली तर मोनॅकोचे काय होईल याचा अंदाज सर्वांना आला, आणि पॅरिसला एवढेच हवे होते.

१७ डिसेंबर १९६२ रोजी रेनिए यांनी नवी राज्यघटना जाहीर केली. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला, देहान्त शिक्षा रद्द झाली, कायदे करण्यात राष्ट्रीय परिषदेचा वाटा निश्चित झाला. बाहेरून दाब आल्यावर राजाला घरातल्या लोकांची गरज भासली, असे या घटनेचे वर्णन केले तर ते रेनिए यांच्यावर अन्याय करणारे होईल. पण पूर्णतः चुकीचेही नाही. शासनप्रमुखाचे पद या घटनेतही तसेच राहिले. कारभार प्रिन्सच्या सर्वोच्च अधिकाराखाली शासनप्रमुखाने चालवावा आणि त्याने प्रिन्सलाच उत्तर द्यावे.

शेवटचा तोडगा १८ मे १९६३ च्या करारांनी निघाला. ज्या कंपन्यांच्या उलाढालीचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग मोनॅकोबाहेरून येतो त्यांच्यावर नफाकर बसला. १३ ऑक्टोबर १९६२ रोजी मोनॅकोत सलग पाच वर्षे राहत असल्याचे जे फ्रेंच नागरिक सिद्ध करू शकत नव्हते, त्यांना ते फ्रान्समध्येच राहतात असे मानून प्राप्तिकर लागू झाला. मोनॅकोचे स्वतःचे नागरिक आणि फ्रेंच नसलेले परदेशी यातून सुटले. नफाकर मोनॅकोच्याच खजिन्यात जमा होतो. ज्या कराला रेनिए यांनी एवढा विरोध केला तो पुढे संस्थानाच्या उत्पन्नाचा एक भरवशाचा स्रोत झाला. फ्रान्सने आपल्या नागरिकांची पळवाट बुजवली, पण करमुक्त मोनॅको ही कल्पना मोडली नाही. दोन्ही बाजूंना घरी जाऊन जिंकल्याचे सांगता येईल असा हा करार होता.

पेल्तिए या तोडग्यात कुठेच नाहीत. त्यांना परत नेमावे अशी मागणी टिकली नाही. मधल्या काळात पिएर ब्लांशी यांनी हंगामी काम पाहिले आणि १९६३ मध्ये जाँ-एमिल रेमों हे नवे शासनप्रमुख आले, तेही फ्रेंचच. ज्या माणसासाठी म्हणून भांडण सुरू झाले त्याचा विसर दोन्ही राजधान्यांना सोयीचा ठरला.

पद पुढे कसे बदलले

१९१८ चा तह पुढे चार दशके तसाच राहिला. २४ ऑक्टोबर २००२ च्या नव्या तहाने त्याची जागा घेतली आणि गादीला वारस नसला तरी मोनॅको स्वतंत्र राहील हे मान्य केले. ८ नोव्हेंबर २००५ च्या करारान्वये शासनप्रमुख मोनॅकोचा नागरिक असू शकतो, आणि त्याची निवड फ्रान्सशी सल्लामसलत करून प्रिन्सने करायची असे ठरले. कागदावर हा बदल मोठा आहे. पण तेव्हापासून पूर्ण कार्यकाळासाठी नेमलेले सर्व शासनप्रमुख फ्रेंचच आहेत: प्रिफेक्ट, राजदूत, विद्वान अधिकारी. मोनॅकोच्या मूळ नागरिकाला नेमले तर त्याच्या नातेगोत्यांचा प्रश्न येतो, इतक्या लहान समाजात तो टाळता येत नाही. बाहेरचा माणूस त्या मानाने सर्वांना सारखाच परका. ज्या गोष्टीमुळे १९६२ मध्ये पद अडचणीत आले तीच त्याची उपयुक्तताही आहे.

पेल्तिए यांच्यासारखे, पॅरिसमध्ये मंत्री राहिलेले शासनप्रमुख मात्र विरळा. अलीकडचे उदाहरण दिदिए गिय्योम यांचे. द्रोम जिल्ह्याचे समाजवादी सिनेटर, सिनेटमधील आपल्या पक्षाच्या गटाचे नेते आणि २०१८ ते २०२० दरम्यान फ्रान्सचे कृषिमंत्री राहिलेले गिय्योम सप्टेंबर २०२४ मध्ये शासनप्रमुख झाले. त्यांच्यापुढचे पहिले काम पुन्हा पैशाच्या पारदर्शकतेचेच होते, कारण त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने मोनॅकोला वाढीव देखरेखीच्या यादीत टाकले होते. या वेळी दडपण एका शेजाऱ्याकडून येत नव्हते, त्यामुळे प्रिन्सचा आणि पॅरिसचा शब्द यांत निवड करण्याची वेळ गिय्योम यांच्यावर आली नाही. पदावर साडेचार महिने होतात न होतात तोच, १७ जानेवारी २०२५ रोजी, त्यांचे निधन झाले, आणि नवा फ्रेंच प्रिफेक्ट क्रिस्तॉफ मिरमाँ येईपर्यंत काही महिने कारभार मोनॅकोच्याच नागरिक असलेल्या इझाबेल बेरो-अमादेई यांनी हंगामी शासनप्रमुख म्हणून सांभाळला.